अमेरिकेत मुलाला सॉकर क्लबमध्ये घालताय? डिपॉझिट भरण्याआधी हे वाचा

मे-जूनमध्ये ट्रायआउट (निवड चाचण्या) होतात आणि दोन दिवसांत क्लबची ई-मेल येते: अभिनंदन, निवड झाली आहे, ४८ तासांत डिपॉझिट भरा. एडिसन असो, फ्रिस्को असो की फ्रीमाँट, मजकूर थोड्याफार फरकाने तोच. आईबाप घाईघाईने कार्डाचा नंबर टाकतात आणि पुढची सात-आठ वर्षं शनिवार-रविवार हायवेवर काढतात. या व्यवस्थेतून दमदार, शिस्तीचे, पळायला तयार असे खेळाडू ढिगाने निघतात. पण जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्काराच्या पहिल्या तिघांत आजवर एकही अमेरिकन पुरुष आलेला नाही. असं का होतं हे कळलं की तुमच्या मुलासाठी क्लबकडून काय घ्यायचं आणि घरी काय भरून काढायचं, हेही कळतं.

आधी पैशाची दिशा बघा

"अमेरिकेतले चांगले खेळाडू बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलकडे जातात" हे उत्तर पार्टीत ऐकायला बरं वाटतं, पण ते टिकत नाही. मेस्सी १७० सेंटिमीटर, मॉड्रिच १७२. हे दोघे एनबीएने पळवले नसते. क्रोएशियाची लोकसंख्या ४० लाखांच्या आसपास, तरी २०१८ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी त्यांनी गाठली. त्याच स्पर्धेला अमेरिका पात्रसुद्धा ठरली नव्हती.

खरा फरक पैसे कोण कोणाला देतं यात आहे. युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत क्लब मुलावर खर्च करतो, कारण पुढे तो विकला गेला की वाटा मिळतो. फिफाच्या नियमानुसार एखादा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा. म्हणजे सौदा १ कोटी डॉलरचा झाला, तर त्या मुलाला पहिले चार हंगाम शिकवणाऱ्या गल्लीतल्या क्लबला १ लाख डॉलर. अमेरिकेत हा नियम वर्षानुवर्षं लागूच केला गेला नाही. अमेरिकन खेळाडू डीआंद्रे येडलिन २०१४ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबला विकला गेला तेव्हा त्याच्या लहानपणच्या क्रॉसफायर प्रीमियर या क्लबने वाटा मागितला आणि त्यावरून मोठं भांडण झालं. एमएलएसने, म्हणजे अमेरिकेच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगने, आपली भूमिका बदलली ती २०१९ मध्ये.

परिणाम साधा आहे. तुमच्या क्लबची कमाई तुमचं मूल २२ व्या वर्षी काय होतं यावर अवलंबून नाही, तुम्ही पुढच्या जूनमध्ये पुन्हा फी भरता की नाही यावर आहे. पालक फी भरतात ती संघ जिंकत असेल तर. मग कोच १० वर्षांच्या संघात लवकर वाढलेली, अंगाने मोठी मुलं घेतो, त्यांना लांब बॉल मारायला सांगतो आणि स्पर्धा जिंकतो. जी मुलं बारीक आहेत पण डोकं वापरून खेळतात, ती बेंचवर. ज्यांच्या घरात फीचे पैसेच नाहीत, ती या यादीत कुठेच नाहीत. आजच्या राष्ट्रीय संघातले मुसाह, बालोगन, डेस्ट, अँटनी रॉबिन्सन हे सगळे दुसऱ्या देशांतल्या अकादमींत शिकले, हा योगायोग नव्हे.

मग मुलींचं काय, असं कोणी विचारेलच. फी तीच, क्लब तेच, आणि महिला संघाने १९९१, १९९९, २०१५, २०१९ असे चार विश्वचषक आणले. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने कॉलेजांना मुलींच्या संघांवर खर्च करावा लागला, त्या काळात बाकीचं जग झोपलं होतं. इंग्लंडच्या संघटनेने तर १९२१ ते १९७१ अशी पन्नास वर्षं आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद ठेवली होती. आता युरोपातले मोठे क्लब मुलींना घडवू लागलेत आणि २०२३ चा विश्वचषक स्पेनने नेला. मुलीचे पालक असाल तर खालचं सगळं तुम्हालाही तितकंच लागू आहे.

सराव बघायला जा, घड्याळ घेऊन

ई-मेल आली की लगेच पैसे भरू नका. "एक सराव बघून कळवतो" असं उत्तर द्या. चांगला क्लब हो म्हणतो. नाही म्हणणाऱ्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती तिथेच मिळाली.

मैदानाच्या कडेला बसून एकच मूल निवडा, तुमचं नको. १० मिनिटांत त्याचा पाय बॉलला किती वेळा लागतो ते मोजा. ८-१० वर्षांच्या मुलांच्या सरावात हा आकडा शंभराच्या जवळ जायला हवा. रांगा लावून, आपली पाळी आली की गोलवर एक शॉट आणि पुन्हा शेपटीला, असा सराव असेल तर तो ८-१० वरच अडकतो. आठवड्याला दीड तासाचे तीन सराव म्हणजे कागदावर साडेचार तास, पण त्यातला निम्मा वेळ रांगेत गेला तर तुम्ही उभं राहण्याची फी भरताय.

मग एखादा सामना बघा. गोलकीपर बॉल जवळच्या सवंगड्याला देतो की डोळे मिटून मैदानाच्या मध्यावर हाणतो? बचावात खेळणाऱ्या मुलाने ड्रिबल करताना बॉल गमावला, गोल बसला, तर कोच काय करतो? ओरडून त्याला बाहेर काढत असेल तर ते पोरगं पुढच्या वेळी बॉल मारून मोकळं होईल, आणि दोन वर्षांत त्याला दुसरं काही सुचेनासं होईल. १२ वर्षांपर्यंत प्रत्येक मूल निदान तीन वेगवेगळ्या जागी खेळलं पाहिजे. "आमचा हा पक्का डिफेंडर" हे नऊ वर्षांच्या मुलाबद्दल ऐकलं तर समजून जा.

काही गोष्टी लेखी विचारा. कोचकडे यूएस सॉकरचा (अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेचा) कुठला परवाना आहे: ग्रासरूट्स, डी, सी की त्यावरचा? तो एकूण किती संघ सांभाळतो? चार असतील तर शनिवारी तो तुमच्या सामन्याला असेलच असं नाही. संघात किती मुलं घेणार? ९ विरुद्ध ९ च्या संघात १२-१३ ठीक. १६ असतील तर तीन-चार कुटुंबं बाकीच्यांच्या स्पर्धांचा खर्च भरण्यासाठी घेतली आहेत. प्रत्येकाला निम्मा वेळ खेळवण्याची हमी आहे का? आणि संपूर्ण वर्षाचा एकूण खर्च किती?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्लब सहसा फक्त फीपुरतं देतात. ट्रॅव्हल क्लबची (दूरच्या गावांत जाऊन खेळणाऱ्या क्लबची) फी दोन-तीन हजार डॉलर असेल तर त्यावर किटचे वेगळे, स्पर्धांच्या प्रवेश फीचे वेगळे, कोचच्या हॉटेलचा वाटा वेगळा, तुमचं पेट्रोल आणि हॉटेल वेगळं. बऱ्याच स्पर्धांत हॉटेल आयोजकांच्या यादीतूनच घ्यावं लागतं, नाहीतर संघाला प्रवेश नाही. त्याला स्टे-टु-प्ले म्हणतात. बेरीज फीच्या दुप्पट सहज होते. मूल मध्येच जखमी झालं किंवा तुमची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तर उरलेली फी माफ होते का, हेही करारात शोधा. बहुतेक ठिकाणी होत नाही. आर्थिक मदतीचा फॉर्म मात्र बऱ्याच क्लबांत असतो. तो कोणी आपणहून दाखवत नाही. मागावा लागतो, आणि मागण्यात लाज कसली.

१२ वर्षांपर्यंत: घरचं काम क्लबपेक्षा मोठं

लहान मुलांसाठी यूएस सॉकरची रचना खरं तर चांगली आहे. ८ वर्षांखाली ४ विरुद्ध ४, गोलकीपर नाही, ३ नंबरचा बॉल. ९-१० ला ७ विरुद्ध ७ आणि ४ नंबरचा बॉल. इथे बिल्ड-आउट लाइन असते, गोलकीपरच्या हातात बॉल असताना समोरच्या संघाला त्या रेषेमागे जावं लागतं. ११-१२ ला ९ विरुद्ध ९. १३ पासून पूर्ण मैदान, ११ विरुद्ध ११, ५ नंबरचा बॉल. दहा वर्षांपर्यंत डोक्याने बॉल मारायला बंदी आहे, ११ ते १३ मध्ये त्याचा सराव आठवड्याला ३० मिनिटांच्या आतच. घरी मोठ्या भावाचा ५ नंबरचा बॉल देऊन सात वर्षांच्या मुलाला खेळवू नका. तो जड पडतो आणि पोर पायाच्या टोकाने मारायला शिकतं.

८ वर्षांपर्यंत एवायएसओ (स्वयंसेवकांवर चालणारी देशभरातली संघटना) किंवा गावाची रिक्रिएशनल, म्हणजे हौसेखातरची, लीग पुरते. शे-दोनशे डॉलरांत हंगाम होतो आणि एवायएसओत प्रत्येक मूल निदान अर्धा सामना खेळतं. या वयात हजारो डॉलरचा "एलिट" संघ म्हणजे जर्सीवर लिहिलेलं नाव, बाकी काही नाही.

खरी गुंतवणूक एक भिंत आहे. आठवड्यातले पाच दिवस, २० मिनिटं:

पहिली ५ मिनिटं बॉल हवेत ठेवणं, दोन्ही पायांनी आलटून पालटून. मग ८ मिनिटं भिंतीवर पास, तीन-चार मीटरवरून. उजव्या पायाने मारायचं, परत आलेला बॉल डाव्याने थांबवायचा, मग उलट. जमू लागलं की थांबवणं बंद: पहिल्याच स्पर्शात बॉल बाजूला न्यायचा आणि दुसऱ्यात मारायचा. पुढची ५ मिनिटं चार शंकूंमधून ड्रिबल आणि प्रत्येक टोकाला वेगळ्या प्रकारे वळणं. शेवटची २ मिनिटं फक्त कमजोर पाय.

इथे दोन ठिकाणी बिघडतं. पालक बॉल किती वेळा उडवला याचे आकडे व्हॉट्सॲपवर टाकू लागतात आणि मूल फक्त तेवढंच करत बसतं. दोनशे वेळा बॉल उडवणारं मूल सामन्यात जोरात आलेल्या पासवर अडखळू शकतं, कारण तिथे मागे कोणीतरी उभं असतं. म्हणून भिंतीच्या सरावात बॉल परत येत असताना खांद्यावरून मागे बघण्याची सवय लावा. तुम्ही मागे उभे राहून बोटं दाखवा, त्याने आकडा ओरडायचा. दुसरी अडचण शेजाऱ्यांची. गॅरेजच्या दारावर रोज आठ मिनिटं बॉल आपटला की एचओएचं (वसाहतीच्या घरमालक संघाचं) पत्र येतं. शाळेच्या किंवा पार्कच्या टेनिस कोर्टाशेजारी सरावाची भिंत असते, ती शोधा.

यापुढची गोष्ट पैशाने मिळत नाही: मोठ्यांशिवायचा खेळ. रोझारियो किंवा साओ पावलोच्या पोराला ती फुकट मिळते, आपल्याकडे मडगावच्या किंवा कोल्हापूरच्या मैदानावरही मिळते. अमेरिकन उपनगरात प्रत्येक मिनिटाला कोच आणि शिट्टी असते. त्यावर उपाय: ओळखीची आठ-दहा कुटुंबं जमवा, रविवारी सकाळी दोन छोटे गोल लावा, ४ विरुद्ध ४, वयं मिसळलेली, नियम मुलांचे. पालकांनी चहाचा थर्मास घेऊन लांब बसायचं. जवळच्या पार्कमध्ये मेक्सिकन किंवा साल्वाडोरन लोकांचे खेळ चालत असतील तर मुलाला तिथे न्या. भागातला उत्तम फुटबॉल बऱ्याचदा तिथेच असतो, आणि क्लबांचे स्काउट तिथे फार उशिरा पोचतात. हिवाळ्यात फुटसाल: ५ विरुद्ध ५, कमी उसळणारा बॉल, मोकळी जागाच नाही. एका थंडीत पायात जेवढा फरक पडतो तेवढा मैदानावरच्या वर्षभरात पडत नाही.

जन्ममहिनाही बघा. आत्तापर्यंत बहुतेक लीगमध्ये वयोगट १ जानेवारीने ठरत होता, म्हणून डिसेंबरची मुलं सगळ्यांत लहान पडत. २०२६-२७ च्या हंगामापासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा गट धरणार आहेत, त्यामुळे आता जुलैचं मूल गटात सर्वांत लहान. प्रत्येक लीगने हे सारखं केलेलं नाही. आपल्या लीगची तारीख विचारून घ्या. मूल गटात लहान असेल आणि त्याला ब संघात टाकलं तर रुसू नका. ब संघात ६० मिनिटं खेळणं हे अ संघाच्या बेंचवर बसण्यापेक्षा दहा वेळा बरं.

१३ ते १६: नावांच्या मागे धावू नका

या वयात एमएलएस नेक्स्ट, ईसीएनएल, मुलींसाठी गर्ल्स अकादमी अशा लीगची नावं कानावर येतात. एकाच नावाखाली फार वेगळ्या दर्जाचे क्लब असतात. एमएलएस संघांच्या स्वतःच्या अकादमी बहुतेक फुकट आहेत आणि अलीकडचे चांगले खेळाडू तिथलेच: एफसी डॅलसमधून मॅकेनी, पेपी आणि ख्रिस रिचर्ड्स, न्यूयॉर्क रेड बुल्समधून टायलर अ‍ॅडम्स, फिलाडेल्फिया युनियनमधून ब्रेंडन आरनसन. तुमच्या मुलाला अशा अकादमीचं बोलावणं आलं तर फीचा प्रश्नच मिटला, वेळेचा मात्र उभा राहतो. आठवड्यात चार-पाच संध्याकाळी, जाऊन-येऊन दोन तास. काही संघांत हायस्कूलकडून खेळायला परवानगी नसते, तेही विचारा.

बोलावणं नसेल तर जवळचा, चांगल्या कोचचा क्लब हा दूरच्या, मोठ्या नावाच्या क्लबपेक्षा भला. गाडीतले दोन तास म्हणजे गमावलेली झोप आणि गमावलेली भिंत.

दुखापती याच वयात सुरू होतात. एका विकेंडला चार-पाच सामने, शिवाय पाहुणा खेळाडू म्हणून दुसऱ्या संघाकडून, शिवाय खासगी कोच. उंची झपाट्याने वाढत असताना टाचेच्या मागे किंवा गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागलं तर ते "सहन कर" म्हणण्याचं दुखणं नाही; डॉक्टरांना दाखवा आणि भार कमी करा. सोपा हिशेब: आठवड्यातले संघटित सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी, वर्षात दोन-तीन महिने या खेळापासून लांब. मुलींच्या गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाला जास्त धोका असतो. फिफा ११+ नावाचा वॉर्म-अप आठवड्यातून निदान दोनदा करून घ्या: १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं. कोच करून घेत नसेल तर सरावाच्या अर्धा तास आधी पोचा आणि बाजूला करा.

१६ ते २०: इथेच गळती होते

स्पेनच्या लामिन यामालने युरो २०२४ जिंकला तो १७ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. त्या वयाचा अमेरिकन मुलगा कॉलेजच्या कोचना ई-मेल पाठवत असतो. कॉलेजचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, साधारण वीस सामने, बऱ्याचदा आठवड्याला दोन, आणि बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. त्यामुळे दमछाक करून पळणं फळतं, डोकं शांत ठेवून बॉल ताब्यात ठेवणं कमी. १८ ते २२ ही वर्षं तिथे काढून जगातला अव्वल खेळाडू होणं फार अवघड आहे.

पण तुमच्या घरातला प्रश्न बहुधा वेगळा असतो: डिग्री हवी, फुटबॉलमुळे प्रवेशाला हातभार लागला तर उत्तम. तसं असेल तर तसं मनाशी कबूल करा, मग निर्णय सोपे होतात. कॉलेज खेळांच्या वरच्या दोन गटांचे, म्हणजे डिव्हिजन १ आणि २ चे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलांशी बोलू शकतात; त्याआधी मुलाने पाठवलेली ई-मेल ते वाचतात, उत्तर देत नाहीत. ई-मेल मुलानेच लिहावी: हायस्कूल संपण्याचं वर्ष, मैदानावरची जागा, जीपीए (गुणांची सरासरी), पुढच्या सामन्याची तारीख, मैदानाचा नंबर, जर्सीचा नंबर, आणि तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ ज्यात प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला आपण कोण हे बाणाने दाखवलेलं असेल. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या पात्रतेसाठी १६ कोअर विषय लागतात, ते नववीपासून मोजा. पूर्ण शिष्यवृत्तीवर घराचं गणित मांडू नका: कित्येक वर्षं डिव्हिजन १ च्या पुरुष संघाकडे जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या २५-३० जणांत तुकडे करून वाटल्या जात. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच.

मुलगा खरंच वरच्या पातळीचा असेल तर रस्ता एमएलएस अकादमी, मग एमएलएस नेक्स्ट प्रो ही एमएलएसखालची व्यावसायिक लीग. अकादमीतली मुलं तिथे हौशी करारावर खेळू शकतात, त्यामुळे कॉलेजची दारं बंद होत नाहीत. व्यावसायिक करारावर सही करण्याआधी मात्र वकिलाला दाखवा.

आणि युरोप? फिफा १८ वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशात नोंदवू देत नाही. अपवाद मोजके: आईवडील फुटबॉलव्यतिरिक्त कारणाने तिथे राहायला गेले, किंवा युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ नंतरची बदली. अमेरिकेचा पुलिसिक १६ व्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबला जाऊ शकला तो आजोबांमुळे मिळालेल्या क्रोएशियन पासपोर्टवर. आपल्या बहुतेक मुलांकडे तसा पासपोर्ट नसतो. म्हणून "स्पेनमध्ये दोन आठवडे ट्रायल, क्लबचे स्काउट येणार, पाच हजार डॉलर" अशी जाहिरात आली की एकच प्रश्न विचारा: माझं १५ वर्षांचं मूल आवडलं तर क्लब त्याला कुठल्या नियमाखाली नोंदवणार? उत्तर गोलमोल येईल. सहल म्हणून जायला हरकत नाही.

कागदपत्रं

पुण्याहून किंवा गोव्याहून नव्याने आला असाल आणि मूल १० वर्षांचं किंवा मोठं असेल, तर क्लब खेळवण्याआधी फिफाची आंतरराष्ट्रीय परवानगी मागेल. मूल भारतात नोंदणीकृत खेळाडू असेल तर तिकडच्या फुटबॉल संघटनेकडून ट्रान्स्फर सर्टिफिकेट यावं लागतं. नसेल तरी पहिल्या नोंदणीचा अर्ज यूएस सॉकरमार्फत जातो. मुलाचा पासपोर्ट आणि जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, घराचा पुरावा अशी फाइल तयार ठेवा. यात आठवडे जातात, म्हणून ट्रायआउट होताच अर्ज करा, नाहीतर सप्टेंबरचे सामने मूल कडेला बसून बघेल. अर्जात "सॉकरसाठी आलो" असा सूर चुकूनही नको. आईवडिलांची नोकरी हेच कारण, आणि ते खरंही असतं.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी: अमेरिकन पासपोर्टचं मूल घेऊन परत गेलात तर भारतातही १८ खालच्या मुलाला हेच नियम लागतात. ओसीआय कार्डावर भारतीय संघाकडून खेळता येत नाही, त्यासाठी भारतीय पासपोर्टच लागतो. ज्याच्या आईचं घराणं मुंबईचं, त्या फुटबॉलपटू रायन विल्यम्सने २०२५ मध्ये भारताकडून खेळता यावं म्हणून ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघासाठी ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिकत्व लागतं. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाला मिळतो तो) असलेल्या मुलाला क्लब, अकादमी, कॉलेज सगळीकडे खेळता येतं, पण पगारी करार करायचा असेल तर काम करण्याची परवानगी लागते. ही गोष्ट सतराव्या वर्षी कळली तर उशीर झालेला असतो. चौदाव्या वर्षीच इमिग्रेशन वकिलाला विचारून ठेवा.